छाटणीनंतरचा एकशे एक्केचाळिसावा दिवस

पहाटे ३:१५

माझी खोली वायनरीला चिकटून आहे. मधल्या भिंतीपलीकडे टाक्या थंड ठेवणारा चिलर. तो रात्रभर गुरगुरत असतो तोवर मला झोप लागते. आवाज थांबला की जाग येते. आज गजराने उठले, म्हणजे रात्री वीज गेली नाही.

तारीख १३ फेब्रुवारी. बागेत मात्र तारखेने कोणी बोलत नाही. गोडी छाटणी २५ सप्टेंबरला झाली, तिथून दिवस मोजायचे. आज एकशे एक्केचाळिसावा. शेजारच्या बागेतल्या माणसाला ‘काय चाललंय’ विचारलं तर तो ख्यालीखुशाली सांगत नाही, ‘एकशे दहा’ म्हणतो. पुढचं आपण समजायचं.

युरोपातली वेल थंडीत पानं गाळून झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. आपल्याकडे तिला झोप नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार व्हावी म्हणून. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळासाठी. पावसाळ्यात फळ नको, म्हणून शेतकऱ्याने वेलीचं वर्षच उलटं करून ठेवलंय. तिकडे द्राक्ष उन्हाळा संपताना पिकतं, इकडे थंडी संपताना. वाइनच्या परदेशी पुस्तकातला पहिलाच धडा असा नाशिकजवळच्या दिंडोरी तालुक्यात निरुपयोगी ठरतो.

मी मूळची यवतमाळजवळच्या लोहाऱ्याची. दारव्हा रोडवर, एमआयडीसी आहे ते लोहारा. गावाच्या एका अंगाला कपाशीची वावरं, दुसऱ्या अंगाला त्याच कपाशीच्या जातभाईंचं डेनिम विणणारा कारखाना. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकले, तिथून चारेकशे किलोमीटर पश्चिमेला इथे आले. बाग नऊ एकरांची, मुरमाड उतारावर. चार एकर पांढऱ्या वाइनचं शेनिन ब्लाँ, पाच एकर लाल वाइनचं शिराज. मालकांना सगळे नाना म्हणतात. बागेचं नाव लिहू नकोस, असं त्यांनी बजावलंय; नाव वाचून रविवारी आणखी गाड्या येतील.

पहाटे ४:००

पिकअप आली. पेठ-सुरगाण्याकडची माणसं, हंगामापुरती इथेच खोपट्या करून राहतात. डोक्याला बॅटऱ्या बांधून, हातात कात्र्या घेऊन सगळे ओळींत शिरले की बागेत काजवे उतरल्यासारखं दिसतं. थर्मामीटर ११ अंशांवर.

आज शेनिनचा शेवटचा तुकडा, अडीच टनांच्या आसपास. तो पाच तासांत तोडून व्हायला हवा. नऊनंतर ऊन चढतं, घड हातात कोमट लागायला लागतात आणि कोमट द्राक्ष म्हणजे क्रेटमध्येच सुरू झालेला बिघाड. फुटलेल्या मण्यांचा रस तपकिरी व्हायला लागतो, रानटी किण्व कामाला लागतात. मोठ्या वायनरीकडे मोठं शीतयंत्र असतं. आमचं छोटं आहे. बारा अंशांना तोडलेलं फळ थंड करायचं काम रात्रीने फुकट करून दिलेलं असतं.

इथे मला दर वेळी कापूस आठवतो. आमच्याकडे दंव सुकल्याशिवाय वेचणीला हात लावू नये म्हणतात, कारण ओला कापूस वजनाला चढतो, व्यापारी भावाला उतरवतो आणि गंजीत तो तापतो. इथे उलट, दंवातच तोडायचं. दुसरा फरक मजुरीचा. कापूस किलोवर वेचला जातो. वेचणारी बाई जितकी वेगाने वेचेल तितके पैसे, म्हणून बोंडाबरोबर पाचोळाही येतो. तिचा दोष नाही, हिशेबाचा दोष आहे. पहिल्या वर्षी नानांनी इथे क्रेटवर मजुरी ठेवली होती. क्रेट भराभर भरले; आत सडके मणी, पानं, एक सरडाही. आता रोजाने देतो. तोडणाऱ्याला घड उलटून बघायला वेळ मिळाला, तर वायनरीत निवडायला माणूस लागत नाही.

‘ताई, हा घ्यायचा का?’ तोडणाऱ्या मावशींनी घड बॅटरीसमोर धरला. पाठीमागे चार मणी भुरीच्या बुरशीने फाटलेले.

‘तेवढे काढून टाका, बाकी घ्या.’

‘मग नकोच. त्या वासाला मी ओळखते.’ घड जमिनीवर. मावशींना वाइन कशी लागते ते माहीत नाही, चाखायचीही नाही. पण भुरीचा कुबट वास एका घडावरून टाकीत कसा पसरतो, ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

सकाळी ६:४५

पहिले साठ क्रेट प्रेसमध्ये. शेनिनचे घड देठांसकट दाबतो. देठांमधून रस वाट काढतो, साल रगडली जात नाही आणि सालीतला कडवटपणा मागेच राहतो. प्रेस म्हणजे आडवं पिंप, आत रबरी फुगा. हवा भरली की फुगा हळूहळू घड दाबतो. दाब वाढवला तर टनामागे ऐंशी-शंभर लिटर रस जास्त निघतो. तो घ्यायचा नाही. साडेसहाशे लिटर मिळाले की थांबायचं.

माझ्या कामाचं वर्णन कोणी विचारलं तर मी ‘थांबवणारी’ म्हणेन. एकरी किती घड ठेवायचे, तिथे थांबवायचं. किती गोडी चढू द्यायची, तिथे थांबवायचं. नाना आधी टेबलची द्राक्षं करत, थॉमसन आणि सोनाका. तेव्हा एकरी दहा-बारा टन माल नसेल तर त्यांना झोप लागत नसे. आता शिराजला चारच टन ठेवतो. डिसेंबरात मी हिरवे घड कापून मातीत टाकत होते, तेव्हा ते दोन दिवस बागेत फिरकले नाहीत. बघवलं नसतं म्हणाले.

उरलेला चोथा ट्रॉलीत. तो शेणखतात मिसळून पुन्हा ओळींत जाईल.

सकाळी ८:००

पोहे. तोडणारी मंडळी आपली नागलीची भाकर आणि लसणाची चटणी सोडून बसली. नाना ट्रॅक्टरवर पंप चढवायला सांगत होते. शिराजच्या खालच्या तुकड्यात कोपऱ्यावर पिठ्या ढेकूण दिसलाय. निंबोळी अर्क मारायचा की घडच काढून टाकायचे, यावर आमचं वाजलं. तोडणीला आठवडा उरलाय. घड काढायचं ठरलं.

सेंद्रिय म्हटलं की लोकांना वाटतं, फवारणीच नाही. खरं म्हणजे आम्ही शेजाऱ्यापेक्षा जास्त वेळा फवारतो. आमचं औषध पानाच्या आत शिरत नाही, वरच बसतं; पाऊस आला की धुऊन जातं, पुन्हा मारा. केवड्याला, म्हणजे डाउनीला, बोर्डो मिश्रण. भुरीला गंधक. जमिनीत ट्रायकोडर्मा, जीवामृत, दोन ओळींमध्ये ताग. गंधकही तोडणीच्या महिनाभर आधी बंद करावं लागतं, नाहीतर टाकीत सडक्या अंड्याचा वास येतो.

बोर्डो मिश्रण आमच्या लोहाऱ्यातही संत्र्याच्या झाडांना मारतात, पण बोर्डो हे वाइनचं गाव आहे हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. तिकडच्या बागायतदारांनी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना फासला होता, तो वाटसरूंनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांना दिसलं की त्या वेलींना केवडा नाही. १८८५ मध्ये त्यांनी त्याचं औषध म्हणून प्रमाण प्रसिद्ध केलं. चोरांसाठी केलेला उपाय रोगावर चालला. मात्र तांबं जड धातू आहे, मातीत साठत जातं, गांडुळांना सोसत नाही. सेंद्रिय नियमांत ते चालतं म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. आम्ही दर वर्षी मोजूनमापून, जमेल तितकं कमी मारतो आणि ऑक्टोबरच्या पावसात हा संयम महागात पडतो. तीन वर्षांपूर्वी परतीचा पाऊस लांबला आणि शेनिनचा निम्मा फुलोरा केवड्याने नेला.

तरी मी या बाजूला का आहे, त्याचं कारण वाइन नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कपाशी त्या साली माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. फवारा पिकावर आणि तोंडावर एकाच उंचीला पडत होता. आमच्या धुऱ्यापलीकडच्या वावरात फवारणारा माणूस चार दिवस दवाखान्यात होता. परत आला तो डोळे चोळतच. बाबांनी त्यानंतर स्वतः पंप पाठीवर घेतला नाही, मजुरालाही सांगितला नाही. कपाशी पाडली, तूर-हरभऱ्यावर आले. उत्पन्न कमी झालं. हे मी कोणाला पटवायला सांगत नाही. वाइन चाखायला आलेली माणसं ‘सेंद्रियने चवीत फरक पडतो का’ विचारतात, तेव्हा मला आधी तो फवारणारा आठवतो आणि चवीचं उत्तर द्यायला उशीर होतो.

चवीचं उत्तर असं: थोडा पडतो, खात्रीने सांगता येत नाही. वेल स्वतःच्या हिमतीवर खोल मुळं टाकते, फळ लहान येतं, साल जाड राहते. पण निगुतीने केलेल्या साध्या बागेतही हे होतं, आणि बेफिकीर सेंद्रिय बागेची वाइन भिकार निघते. मी दोन्ही प्यायले आहे.

सकाळी ९:४५

शेवटचा क्रेट आला. आता शिराज.

वरच्या तुकड्याचा शिराज पाच दिवसांपूर्वी तोडला, तो दोन उघड्या टाक्यांत आंबतोय. लाल वाइनला रंग सालीतून येतो, म्हणून रस सालींसकट आंबवतात. वायू वर येतो आणि सालींना वर ढकलतो. हातभर जाडीची टोपी तयार होते. ती दिवसातून तीनदा दांड्याने खाली दाबायची. दाबली नाही तर वरचा भाग सुकतो, तापतो, आंबूस होतो. जास्त रगडली तर बियांतला तुरटपणा उतरतो, पिताना जीभ खरवडल्यासारखी होते. पंपाने रस वरून सोडायची सोय आहे, पण मी दांड्यानेच दाबते. टोपी किती घट्ट आहे ते हाताला कळतं. आज मऊ झालीय, म्हणजे उद्यापासून दोनदाच दाबायची.

टाकीवर एकट्याने जायचं नाही, हा इथला सगळ्यांत कडक नियम. एक लिटर रस आंबताना पन्नास लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तो हवेपेक्षा जड; टाकीच्या तोंडाशी आणि जमिनीलगत साचून राहतो. गावाकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात, तीच भीती. पण कंदील विझेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. म्हणून आधी पंखा, दरवाजे सताड उघडे, आणि दुसरं माणूस बोलत राहील असं जवळ उभं. बोलायला विषय लागतो. आज वायनरीतल्या पोराने मला त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या आचाऱ्याचे दर सांगितले.

दुपारी १२:००

प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक ओटा, एक तराजू. सकाळच्या शेनिनच्या रसाचे आकडे: ब्रिक्स २१, पीएच ३.२८, आम्लता लिटरला सात ग्रॅम. मी आकड्यांकडे बघून हसले असेन, कारण पोरगा म्हणाला, ‘पास झालो का?’

एकवीस ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण एकवीस ग्रॅम साखर. किण्व ती खाऊन बारा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल करतात. चार दिवस थांबले असते तर ब्रिक्स तेवीसवर गेला असता. पण तेवढ्यात आंबटपणा उतरला असता, आणि वाइनचा कणा तोच. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उन्हात झपाट्याने जळतं. फेब्रुवारीचा नाशिककडचा दिवस बत्तीस अंशांवर जातो; साखर रोज थोडी चढते, आम्ल रोज थोडं उतरतं. दोन जिने आहेत, एक वर जाणारा, एक खाली येणारा. ते एकमेकांना भेटतात तो दिवस तोडणीचा. असे दिवस हंगामात दोन-तीनच येतात, आणि त्यातला एक हमखास मजुरांच्या सुट्टीचा असतो.

हे मी शिकले ते फजिती होऊन. माझ्या पहिल्या हंगामात मी फक्त गोडी बघितली. शिराज पंचवीस ब्रिक्सपर्यंत वेलीवर ठेवला, मणी जरा सुरकुतले, चाखायला खजुरासारखे. मला वाटलं, केवढी पिकली! टाकीत पीएच चारला टेकलेला. टार्टारिक आम्ल घातलं. मग वाइन आंबट आणि जळजळीत झाली, साडेचौदा टक्के. जळजळ झाकायला थोडी साखर उरू दिली. मग ती गोड, आंबट आणि जळजळीत झाली. आमटीत चिंच जास्त पडली म्हणून गूळ, गूळ जास्त झाला म्हणून तिखट, तिखट झालं म्हणून पाणी, असं करत पातेलं भरतं आणि चव कुठेच नसते, तसं. नानांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. त्या नऊशे लिटरचं व्हिनेगर केलं. ते मात्र चांगलं झालं. अजून दोन कॅन शिल्लक आहेत, काकडीच्या कोशिंबिरीत घालतो.

उष्ण प्रदेशात आम्ल घालणं चूक नाही. सेंद्रिय नियमांतही टार्टारिक चालतं. मीही घालते, पण रसात, आंबायच्या आधी, चिमूटभर. आंबल्यावर घातलेलं आम्ल वेगळं उभं राहतं, जिभेच्या कडेला टोचतं.

गंधकाचंही तसंच. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, इथल्या भाषेत केएमएस, टनामागे पन्नास ग्रॅम टाकते. वाइनमधल्या सल्फाइटने डोकं दुखतं असं सांगत लोक येतात आणि ‘बिनसल्फाइटची आहे का’ विचारतात. युरोपातल्या सेंद्रिय नियमांत कोरड्या, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेल्या, लाल वाइनला लिटरमागे शंभर मिलिग्रॅम, पांढरीला दीडशेपर्यंत चालतं. अमेरिकेत ‘ऑरगॅनिक वाइन’ म्हणायचं तर वरून अजिबात घालता येत नाही. मी युरोपच्या बाजूने आहे. आपल्याकडे बाटली वायनरीतून दुकानात जाते ती पत्र्याच्या टेम्पोतून, मे महिन्यात. त्या टेम्पोवर विसंबून शून्य सल्फाइटची शुचिता पाळायची माझी तयारी नाही.

दुपारी २:००

झोपले. चाळीस मिनिटं.

दुपारी ४:००

आज शुक्रवार, तरी दोन गाड्या. पुण्याहून चौघं, आणि एक वयस्कर जोडपं, इंदिरानगरचं. चाखायची खोली म्हणजे जुनं द्राक्षांचं पॅकहाउस. तराजूचा हूक अजून छताला आहे.

पहिला प्रश्न ठरलेला. ‘गोड आहे का?’

हा प्रश्न ऐकून नाक मुरडणारे वाइनवाले मी पाहिले आहेत. मला तो रास्त वाटतो. ज्याने आयुष्यात गोड सरबत आणि कडू औषध हे दोनच रंगीत द्रव प्यायलेत, त्याच्या हातात ओक पिंपात दोन वर्षं मुरलेली, जीभ आवळून टाकणारी लाल वाइन द्यायची आणि वर ‘ही समजायला वेळ लागतो’ म्हणायचं, हा उद्धटपणा आहे. वेळ लागणार असेल तर तो मी इथे, बागेत घालवावा. पिणाऱ्याने का? नाशिकला वाइनच्या नकाशावर आणलं तेही महागड्या लाल वाइनने नाही. सुलासारख्या वाइन कंपन्यांनी नव्वदच्या दशकाअखेर शेनिन आणि सोव्हिन्यों लावलं, थोडी गोडसर, थंडगार, सोपी वाइन काढली आणि लोकांना भीती वाटेनाशी झाली. त्यावर नाक मुरडणं सोपं आहे.

आमची शेनिन कोरडीच्या जवळ आहे, लिटरला पाच-सहा ग्रॅम साखर राहू देतो. आंबटपणा चांगला असल्याने ती गोड लागत नाही, गोलसर लागते. शिराजला नव्या ओकचं पिंप नाही. एक कारण चवीचं: मला बागेतली काळ्या मिऱ्यांची आणि जांभळाची चव हवी, फर्निचरची नको. दुसरं कारण, २२५ लिटरचं फ्रेंच पिंप आमच्या ऐपतीत बसत नाही. दोन्ही कारणं खरी आहेत आणि कुठलं आधी सुचलं ते मी सांगणार नाही.

काकूंनी शेनिनचा घोट घेतला. ‘पेरूसारखा वास येतोय.’ मी फळ्यावर लिहिलेल्या शब्दांत पेरू नव्हता. सफरचंद, मध, नासपती असं काहीबाही पुस्तकातून उतरवलेलं होतं. पुसून पेरू लिहिलं.

पुण्याच्या चौघांपैकी एकाने विचारलं, ‘म्हणजे ही हेल्दी ना? सेंद्रिय, वर द्राक्षाची.’ नाही, म्हटलं. बारा टक्के अल्कोहोल आहे. सेंद्रिय अल्कोहोल अल्कोहोलच.

२०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचं ठरवलं आणि गदारोळ झाला. तेव्हा आमच्या धंद्यातल्या कितीतरी लोकांनी ‘वाइन म्हणजे दारू नव्हेच’ असा धोशा लावला. मला तेव्हाही ते पटलं नाही. मी जिथून आले तिथे दारू हा चवीचा विषय नाही. शेजारच्या वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. यवतमाळलाही बंदी हवी म्हणून बायांनी मोर्चे काढलेत, त्यांत माझी मावशी होती. त्या बायांना मी वाइनच्या तुरटपणातलं टॅनिन समजावून सांगणार का? आम्ही शेतमालाला भाव मिळेल असं काहीतरी बनवतो, ते जपून प्यायचं असतं, एवढं म्हणायची माझी तयारी आहे. त्यापुढचा मोठेपणा नको.

तीन बाटल्या शेनिन गेली, एक शिराज.

संध्याकाळी ५:४५

उन्हं उतरल्यावर शिराजच्या खालच्या तुकड्यात. पिशवीत दोनशे मणी गोळा करायचे: ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे, मधले, खालचे. फक्त उन्हाकडचे घेतले की आकडा खोटा येतो. मजुरांनी कौतुकाने दिलेले घेतले की आणखी खोटा, कारण ते सगळ्यांत सुंदर मणी निवडतात.

पिशवीत चुरडून रस काढला. ब्रिक्स २२.४. आता बिया. हिरवट बी चावली की तोंड वाळतं. पिकलेली तपकिरी बी कुडकुड मोडते, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी. दहांतल्या सहा कुडकुडल्या. सालीचा रंग बोटांना लागतो आणि पुसला जात नाही. चव अजून थोडी काकडीची.

नाना पलीकडच्या ओळीतून आले. ‘सोमवार?’

‘गुरुवार.’

‘मंगळवारपासून ढग दाखवतायत.’

‘मग बुधवार.’

त्यांनी वेलीवरचा एक मणी तोडला, चावला, बी थुंकली. ‘बुधवार,’ म्हणाले आणि मावशींकडे माणसांचं सांगायला गेले.

संध्याकाळी ७:३०

सकाळचा शेनिनचा रस दहा अंशांवर स्थिरावतोय. गाळ खाली बसला की उद्या वरचा नितळ रस दुसऱ्या टाकीत ओढायचा आणि किण्व सोडायचं. शिराजची टोपी तिसऱ्यांदा दाबली. टाकीचं तापमान सव्वीस. वहीत लिहिलं. ही वही सेंद्रिय प्रमाणपत्रवाल्यांना दाखवावी लागते. कुठल्या दिवशी काय मारलं, कुठून आणलं, किती उरलं. बारमाही पिकाला आधी तीन वर्षं अशी वही भरायची, त्या काळात सगळं सेंद्रियच करायचं आणि माल मात्र साधा म्हणून विकायचा. बरेच जण दुसऱ्या वर्षी वही ठेवून देतात. त्यांना दोष देता येत नाही.

रात्री ८:१५

आईचा फोन.

‘झाली काय वं तोडणी?’

‘शेनिन संपली. आता शिराज बुधवारी.’

‘जेवली काय?’

‘आता बसते. बाबा?’

‘हरभरा सोंगून आले, आंग धुवून राहिले.’ मग जरा थांबून, ‘वहिनी विचारत होती तू काय करते म्हणून. मी रसाची कंपनी सांगतलं.’

‘बरोबरच आहे की.’

‘होळीले येशीन नं?’

मार्चमध्ये शिराज पिंपात गेली की येईन म्हटलं. घरामागे दोन वर्षांपूर्वी चार वेली लावून आले होते, खुंटावर कलम केलेल्या. आमची काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंश. दोन मेल्या. एकीवर नुसती पानं. चौथीला यंदा तीन घड आलेत आणि ते पाखरांनी खाल्ले, असं आईने सांगितलं.

रात्री ९:००

पिठलं, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. अर्धा पेला गेल्या वर्षीची शेनिन, फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवलेली. परदेशी पुस्तकांत ही जोडी सापडणार नाही, म्हणून दर हंगामात मी एकदा तपासून बघते. पिठल्याबरोबर चालते, बेसनाचा जडपणा तोडते. ठेच्याबरोबर नाही, तिखटावर अल्कोहोल गेलं की जिभेला आग लागते. ठेच्याला ताकच.